सोडा कां फसफसतो?

खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळलें कीं तो फसफसतो, हें कोणाही गृहिणीस सांगावयास नको. परंतु तेंच लिंबू मिठावर पिळलें तर कांहींच होत नाहीं. दोन्ही पदार्थ पांढरे, दोन्ही पाण्यांत विरघळणारे. मग एकानेंच एवढा गलबला कां करावा?

सोडा, चुनखडी, संगमरवर, शिंपला, अंड्याचें कवच हीं सारीं कार्बोनेटांच्या कुळांतलीं. त्यांच्या पोटांत एक वायु बांधलेला असतो. जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश वैद्यानें ही गोष्ट तराजूच्या साह्यानें दाखवून दिली. त्याचा निबंध १७५६ सालीं प्रसिद्ध झाला. मॅग्नेशिया भाजला असतां त्याचें वजन घटतें, आणि असा भाजलेला मॅग्नेशिया अम्लांत विरघळतांना फसफसत नाहीं, असें त्यास आढळलें. फेस आणणारा वायु भट्टींतच उडून गेला होता. त्यालाच आज आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतों.

आतां हा वायु अम्लानें कां सुटतो तें पाहूं. प्रत्येक अम्ल पाण्यांत हायड्रोजनचे विद्युद्भारित कण सोडतें. मिठांतील क्लोराइडास त्यांची ओढ नसते. दोघेही पाण्यांत आपापल्या परी वावरतात. कार्बोनेट मात्र त्यांना पकडून ठेवतें. एक कण घेतला कीं त्याचें बायकार्बोनेट होतें. दुसरा घेतला कीं कार्बोनिक अम्ल. हें अम्ल फार अल्पायुषी! त्याचें लागलीच पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतें. पाण्यांत साधारणपणें त्याच्याच आकारमानाइतका वायु मावतो. उरलेला बुडबुड्यांच्या रूपानें वर येतो.

या दोन पायऱ्या घरींही पाहतां येतील. धुण्याचा सोडा पाण्यांत विरघळवा आणि ढवळत ढवळत थेंब थेंब लिंबाचा रस घाला. आरंभीं फेस येणार नाहीं, कारण तेव्हां केवळ पहिली पायरी चालू असते. पुरेसा रस पडल्यावरच बुडबुडे सुटूं लागतील. खाण्याचा सोडा हा मुळांतच बायकार्बोनेट, म्हणजे अर्धी वाट चाललेला. म्हणून तो तत्काळ फसफसतो.

वायूचें हें प्रमाण लहान नसतें. पांच ग्रॅम खाण्याच्या सोड्यास पुरेसें अम्ल मिळालें तर जवळजवळ दीड लिटर वायु निघतो. म्हणून सोडा आणि शिरका एकत्र करून बाटलीस घट्ट बूच लावण्याचा खेळ मुलांस कदापि करूं देऊं नये. कांचेची बाटली फुटून डोळ्यांस इजा व्हावयाची.

दुसरी गोष्ट फरशीची. शंभर ग्रॅम शुद्ध चुनखडी अम्लांत विरघळली तर चव्वेचाळीस ग्रॅम वायु हवेंत जातो आणि उरलेला चुना पाण्याबरोबर वाहून जातो. म्हणजे फेस हा दगडाच्या झिजेचाच पुरावा होय. आपल्या घरांतील शहाबादी फरशी ही चुनखडीच आहे. डाग काढण्यासाठीं तिच्यावर अम्ल ओतलें असतां मळाबरोबर फरशीचा पृष्ठभागही जातो. पुन्हा ती मूळची गुळगुळीत होत नाहीं. संगमरवरावर सांडलेला लिंबाचा रसही तत्काळ पुसावा तो याचकरितां. सह्याद्रीचा काळा दगड मात्र असा फसफसत नाहीं.

कांहीं ठिकाणीं ही क्रिया बुडबुड्यांवांचूनही चालते. धूर ओकणाऱ्या आपल्या यंत्रयुगांत हवेंतील कार्बन डायऑक्साइड वाढला, आणि त्याचा मोठा भाग समुद्रानें शोषून घेतला. पाण्यांत त्याचें कार्बोनिक अम्ल होतें, आणि त्यांतून सुटलेले हायड्रोजनचे कण समुद्रांतील कार्बोनेट पकडतात. मग पोवळ्यांस व शिंपल्यांतील जीवांस आपलें कवच बांधावयास लागणारें कार्बोनेट कमी पडूं लागतें. पेल्यांतला फेस आपणांस डोळ्यांनीं दिसतो. समुद्रांतली ही घट मात्र मापनानेंच कळते. ती ओळखण्यासाठीं ब्लॅकच्या तराजूइतकीच दक्ष नजर आज आपणांस हवी आहे.