डोंगरावरचे प्राणिसंग्रहालय आणि आपली वर्गखोली
(केंद्रशाळेतील शिक्षक-संमेलनात केलेले भाषण)



गेल्या वैशाखात दार्जिलिंगला जाण्याचा योग आला. तेथील प्राणिसंग्रहालय १९५८ साली, सुमारे ७००० फूट उंचीवर, डोंगराच्या उतारावर उभारले गेले. १९७५ साली त्यास पद्मजा नायडू यांचे नाव देण्यात आले. त्या सरोजिनीबाईंच्या कन्या, जन्माने हैदराबादच्या; म्हणजे आपल्या जुन्या संस्थानातल्याच!

हत्ती-जिराफ पाहावयास गेलेल्याची तेथे निराशा होते. हिमालयातील प्राण्यांचा सांभाळ व संवर्धन हे त्या संस्थेचे मुख्य कार्य. हिमबिबट्या पाहिला, तिबेटी लांडगा पाहिला. तांबडा पांडा मात्र फांदीवर झुपकेदार शेपटी अंगाभोवती घेऊन निजला होता. अर्धा तास थांबलो. स्वारी उठली नाही. अशाच, पिंजऱ्यात वाढलेल्या दोन पांडा-माद्या २००३ साली जवळच्या सिंगालीला अरण्यात सोडण्यात आल्या, हे कळल्यावर त्या संग्रहालयाचे प्रयोजन ध्यानी आले.

तेथे उभा असता मला आपल्या कन्नड तालुक्यातील गौताळ्याचे डोंगर आठवले. सुमारे २६० चौरस किलोमीटरचे ते अभयारण्य १९८६ साली घोषित झाले. बिबट्या, लांडगा, कोल्हा, उदमांजर, रोही यांचे ते घर. २०२१ साली तर यवतमाळकडील टिपेश्वरहून शेकडो मैल चालत आलेला वाघही तेथे आढळला. पण आपल्या मुलांच्या वह्यांत सिंह आणि जिराफच असतात.

यात माझाही दोष आहे. डोंगराच्या पायथ्याशी एका शाळेत मी शिक्षक असताना ‘सिंह’ या विषयावर निबंध दिला होता. एका मुलाने रोह्यावर लिहिले. रोही रोज त्याच त्या जागी लेंड्या टाकतो, तेथे ढीग साचतो, असे त्याने बापाबरोबर शेत राखताना पाहिले होते. मी तांबड्या शाईने ‘विषय सोडून’ असा शेरा मारला. त्यानंतर त्याने वर्गात हात वर केल्याचे मला स्मरत नाही. पुढे वाचनात आले की, त्याचे निरीक्षण अगदी अचूक होते.

यंदा आपल्या सहली सिद्धार्थ उद्यानात जातील, गौताळ्यातही जातील. निघण्यापूर्वी एक तासिका राखून ठेवा. शिवारात, बांधावर, विहिरीपाशी कोणी कोणता प्राणी पाहिला, तो काय करीत होता, हे मुलांना सांगू द्या. घरी ज्या नावाने त्यास हाक मारतात, तेच नाव फळ्यावर लिहा. त्या तासिकेपुरती तांबडी शाई कपाटात राहू द्यावी, एवढी माझी विनंती आहे.