थर, इलेक्ट्रॉन आणि ‘अवस्था’ हा शब्द



आदिलाबादच्या जमिनीत मँगॅनीजचे काळे धातुक आहे. आज मी त्या दगडाविषयी बोलणार आहे, आणि तो मराठीतून समजावताना अडवणाऱ्या एका शब्दाविषयी. तो शब्द ‘अवस्था’.

शाळेत आपण पदार्थाच्या तीन अवस्था शिकतो : स्थायू, द्रव, वायू. त्यामुळे ‘अवस्थांतर’ म्हटले की मुलांना बर्फाचे पाणी होणे आठवते. पण स्थायू स्थायूच राहिला, घटकही तेच राहिले आणि फक्त अणूंची मांडणी बदलली, तरी शास्त्र त्याला अवस्थांतरच म्हणते. वितळणे नाही, उकळणे नाही. मग बदलले काय, असे मूल विचारते.

उत्तर आपल्या दगडात शोधू. पैनगंगेचे नाव मिळालेल्या इथल्या खडकसमूहात चुनखडकाच्या आणि चर्टच्या थरांमध्ये हे धातुक सापडते. ते प्राचीन समुद्राच्या तळाशी साचले. त्यातले एक मूळ खनिज बर्नेसाइट. त्यात मँगॅनीज आणि ऑक्सिजन यांचे पातळ थर एकावर एक रचलेले असतात. मधल्या फटींत पाणी आणि सोडियम, कॅल्शियमसारखे आयन. दोन थरांमधले अंतर सुमारे 0.7 नॅनोमीटर. पुढे गाळाचा खडक होताना, सिलिका मिळून, ब्रॉनाइट हे खनिज तयार झाले. त्यात ते थर उरले नाहीत. मात्र इथे नवा घटक आला, म्हणून ही रासायनिक अभिक्रिया झाली. घटक तेच ठेवून मांडणी बदलते, त्याचे उदाहरण बॅटरीत मिळते.

मँगॅनीजच्या प्रत्येक अणूभोवती सहा ऑक्सिजन असतात. चार धन प्रभार असलेल्या मँगॅनीजकडे बाहेरच्या ‘डी’ कक्षकांत तीन इलेक्ट्रॉन असतात आणि रचना सममित राहते. तीन प्रभार असतील तर चौथा इलेक्ट्रॉन येतो. तो ऑक्सिजनच्या दिशेने रोखलेल्या कक्षकात बसतो, आणि समोरासमोरचे दोन ऑक्सिजन दूर सरकतात. एका इलेक्ट्रॉनने सगळी चौकट ताणली जाते.

1996 मध्ये लिथियम आणि मँगॅनीज यांचे थरयुक्त ऑक्साइड तयार झाल्याचे प्रसिद्ध झाले. कोबाल्टपेक्षा मँगॅनीज स्वस्त, म्हणून आशा मोठी होती. पण बॅटरी प्रभारित करताना अर्धे लिथियम बाहेर पडले की मँगॅनीजचे काही अणू थर सोडून लिथियमच्या रिकाम्या जागी जाऊ लागतात. एक चतुर्थांश अणू सरकले की थर संपतात आणि स्पिनेल नावाची घडण उरते. घटक तेच, प्रमाण तेच, पदार्थ वेगळा. कोबाल्टचे अणू इतक्या सहज जागा सोडत नाहीत, कारण त्यांच्या इलेक्ट्रॉनांची मांडणी त्यांना सहा ऑक्सिजनांमध्ये घट्ट धरून ठेवते.

परिभाषेत याला ‘प्रावस्था’ हा शब्द आहे. पण वर्गात तो ‘अवस्था’सारखाच ऐकू येतो, आणि गोंधळ राहतो. माझी सूचना साधी आहे. आधी ‘घडण’ म्हणावे. ‘स्थायूची घडण बदलली’ हे वाक्य मुलाला कळते. दागिन्याची घडण बदलते, सोने तेच राहते, हे त्याने घरी ऐकलेले असते. कळल्यावर मग ‘प्रावस्था’ शिकवावी.

आदिलाबादच्या मुलांना घरची भाषा, शाळेची भाषा आणि शास्त्राची भाषा अशा तिन्ही सांभाळाव्या लागतात. त्यांच्यापुढे शब्द ठेवण्यापूर्वी वस्तू ठेवू या. तो काळा दगड त्यांच्या हाताशीच आहे.