फोटो ठेवायचे कुठे?
पावसात फोन भिजून बंद पडला, की आधी जीव तुटतो तो आतल्या फोटोंसाठी. क्लाउडवर प्रत असेल तर नव्या फोनवर ते परत मिळतात. पण गूगलच्या १५ जीबी मोफत जागेत मेलही येतात आणि जून २०२१ पासूनचे नवे फोटोही. ती भरली, की नव्या फोटोंची प्रत जाणं थांबतं. आणि गूगल फोटोजमधून पुसलेला फोटो क्लाउडवरूनही जातो. कचरापेटीत तो साठच दिवस राहतो.

म्हणून आजीच्या आवाजाचं रेकॉर्डिंग, बाळाची पहिली पावलं हे सगळं महिन्याकाठी केबल लावून हार्ड डिस्कवरही उतरवा. लगेच डिस्क काढून कपाटात ठेवा. त्याआधी एखादा फोटो मात्र उघडून पाहा.