नोंद कोणाच्या वहीत?
(गणेशोत्सवात सभासदांपुढे केलेले भाषण)



गणरायाला वंदन करून दोन शब्द बोलतो. मी रेल्वेतला डिप्लोमावाला इंजिनिअर, संगणकाचा पंडित नव्हे. म्हणून यार्डाच्या भाषेतच सांगतो.

आपल्या भिलाईच्या मार्शलिंग यार्डात वाघीण कोठूनही येवो, ती आली की नोंद यार्डात होते. मोबाइलवरच्या लेखाचेही तसेच आहे. तो ज्याच्या संगणकावरून येतो, त्याच्याकडे नोंद राहते: कोणता लेख, किती वाजता, कोणत्या जोडणीवरून.

पूर्वी पेपरवाल्याला एवढेच ठाऊक असे की अमक्या घरी अमुक पेपर टाकायचा. आत आपण काय वाचले, हे त्याला कळत नसे.

ऑक्टोबर २०१५ मध्ये गूगलने ‘एएमपी’ ही पद्धत जाहीर केली. वर्तमानपत्राच्या लेखाची हलकी प्रत गूगल आपल्या संगणकांवर ठेवी आणि तेथूनच दाखवी. मंद नेटवर्कवरही पान झटकन उघडे; ही सोय खरीच होती. पण वर नाव वर्तमानपत्राचे आणि यार्ड गूगलचे! फेसबुकनेही २०१५ मध्येच अशी सोय काढली होती, ती २०२३ मध्ये बंद केली. भारतातील वृत्तप्रकाशकांच्या संघटनेने गूगलविरुद्ध केलेल्या तक्रारीत एएमपीचाही मुद्दा होता. त्यावर स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला. प्रकाशकांचे भांडण उत्पन्नाचे होते. वाचकाच्या वतीने कोण भांडणार?

घरचीच गोष्ट सांगतो. मध्यंतरी मला एका आजाराची शंका आली. घरी न सांगता रात्री लेख शोधून वाचले. चार दिवसांनी माझा फोन मुलीच्या हाती होता आणि त्यावर त्याच आजाराच्या उपचारांच्या जाहिराती. “बाबा, तुम्हाला काय झालंय?” तिचा चेहरा मी विसरलो नाही. बाप्पाच्या कृपेने तपासणी चांगली निघाली. बातमी कोणाच्या वहीतून फुटली, हे मला आजही सांगता येत नाही. मी कोणावर आरोप करीत नाही. पण वह्या जितक्या जास्त, तितकी फुटण्याची भीती जास्त, हे साधे गणित आहे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. तरी आपली काळजी आपणच घ्यावी. लेख उघडल्यावर वरच्या पट्टीतला पत्ता पाहावा. नेहमीच्या वर्तमानपत्राचे पान थेट त्याच्या पत्त्यावरून उघडावे. तेथेही जाहिरातवाल्यांच्या वह्या असतात, पण निदान एक तरी कमी होते. आता तर शोधाच्या पानावरच यंत्राने केलेला सारांश मिळतो आणि मूळ लेखापर्यंत कोणी जातच नाही. म्हणून ही सवय अधिकच हवी.

गाडीत बसण्यापूर्वी आपण पाटी वाचतो. येथेही वाचू या, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!