यंत्र कोणाच्या मालकीचे?



ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेत ‘वेस्टवर्ल्ड’ ही दूरचित्रवाणी-मालिका सुरू झाली. धनिकांच्या करमणुकीसाठी घडविलेली मनुष्याकृती यंत्रे जागृत होऊन मालकांवर उलटतात, असे तिचे कथानक. पुढच्याच महिन्यात निवडणूक झाली. हिलरी क्लिंटन यांना २८ लाखांहून अधिक मते जास्त मिळूनही डोनाल्ड ट्रम्प अध्यक्ष झाले आणि दुभंगलेला देश अधिकच दुभंगला. मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हानिया या कारखानदारी राज्यांनी पारडे फिरविले. तेथील कामगाराला सांगण्यात आले की, तुझी रोजी परक्याने नेली. नफ्यासाठी यंत्र आणून माणसे कमी करणारा मालक मात्र नामानिराळा राहिला.

मालिकेत यंत्र बंड करते; प्रत्यक्षात ते माणसालाच करावे लागते. २ मे २०२३ रोजी तेथील पटकथालेखकांच्या संघटनेने संप पुकारला. १४८ दिवसांनंतर त्यांनी मालकांकडून मान्य करून घेतले की, कृत्रिम बुद्धिमत्ता लेखक गणली जाणार नाही आणि तिचा वापर लेखकावर लादता येणार नाही.

संपात उतरलेल्याला त्याचे मत कोणाला, हे विचारावे लागत नाही. निवडणुकीने दुभंगलेला श्रमिक उपदेशाने नव्हे, अशा लढ्यानेच सांधला जाईल. ते काम आपले आहे.