देवमाशाचा घोटा



१८१८ सालच्या डिसेंबर महिन्यात न्यूयॉर्क शहरात असा एक दावा चालला की, ज्याचा निर्णय वास्तविक प्राणिशास्त्रज्ञांनी द्यावयाचा, तो देण्याची पाळी ज्यूरीत बसलेल्या सामान्य गृहस्थांवर आली. माशांच्या तेलाची तपासणी करून पिंपांवर दाखला देण्याचा आणि त्याबद्दल फी वसूल करण्याचा अधिकार तेथील सरकारने कायद्याने एका अंमलदाराला दिलेला होता. परंतु सॅम्युअल जड नावाच्या व्यापाऱ्याने, आपल्याजवळचे तेल देवमाशाचे आहे आणि देवमासा हा मुळी मासाच नव्हे, या सबबीवर ती फी भरण्यास साफ नकार दिला. सॅम्युअल मिचिल या नामांकित वैद्याने आणि निसर्गवेत्त्याने व्यापाऱ्याच्या बाजूने साक्ष दिली. देवमाशाचे रक्त उष्ण असते, तो फुप्फुसांनी श्वास घेतो, मादी पिलांना दूध पाजते, हे सर्व त्याने विस्ताराने सांगितले. ज्यूरीने ते ऐकून घेतले आणि देवमासा हा मासाच आहे असे ठरवून अंमलदाराचे म्हणणे मान्य केले! पुढे विधिमंडळाला तो कायदाच दुरुस्त करावा लागला.

या निकालाला हसणे सोपे आहे. लिनियसने आपल्या ग्रंथाच्या १७५८ सालच्या दहाव्या आवृत्तीत देवमाशांना मत्स्यवर्गातून काढून सस्तन प्राण्यांत बसविले होते, आणि हे प्राणी हवा घेतात व पिलांना दूध पाजतात याची नोंद तर ॲरिस्टॉटलनेच दोन हजार वर्षांपूर्वी करून ठेवली होती. परंतु ज्यूरीतल्या त्या सद्गृहस्थांनी प्राण्याचा वंश पाहिला नाही, त्याची उपजीविका पाहिली, एवढाच त्यांचा अपराध. आणि हाच अपराध पुढे शंभर-दीडशे वर्षांनी, अधिक सूक्ष्म आणि अधिक विद्वत्तापूर्ण रीतीने, खुद्द शास्त्रज्ञांच्या हातूनही घडला. ती हकीकत आज आपणांपुढे मांडावी असा माझा मानस आहे.

देवमासा सस्तन आहे हे ठरले, तरी सस्तनांपैकी कोणाचा सोयरा, हा प्रश्न तसाच उरला. ज्याचे मागचे पाय नाहीसे झाले आहेत, पुढच्या पायांची वल्ही झाली आहेत, नाकपुड्या कपाळावर चढल्या आहेत आणि अंगावर केस औषधापुरतेही उरलेले नाहीत, अशा प्राण्याची घोडा, गाय, सिंह किंवा खार यांपैकी कोणाशी तुलना करावयाची? डार्विनने १८५९ साली आपल्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत, तोंड उघडे ठेवून पाण्यात पोहत कीटक पकडणाऱ्या अमेरिकी काळ्या अस्वलाचे उदाहरण दिले आणि अशा प्राण्यापासून देवमाशासारखे काही घडणे आपणांस अशक्य वाटत नाही असे लिहिले. त्यावर इतका उपहास झाला की, पुढील आवृत्तीत त्याने तो मजकूर कापून टाकला. सस्तन प्राण्यांच्या वर्गीकरणाचा जो ग्रंथ विसाव्या शतकाच्या मध्यावर प्रमाण मानला गेला, तो जॉर्ज गेलॉर्ड सिम्प्सन यांचा १९४५ सालचा. पण त्यांच्यासारख्या साक्षेपी पंडितालाही देवमाशांसाठी 'म्यूटिका' नावाचा एक स्वतंत्र समूह कल्पून त्यांना इतर सर्वांपासून अलग बसवावे लागले. वर्गीकरणात एखाद्याला असे एकटे बसविणे म्हणजे त्याच्या आप्तांचा पत्ता लागत नाही, याची शिष्टसंमत कबुलीच होय.

जीवाश्मांचा पुरावा तोवर नव्हता असे नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात सापडलेल्या प्रचंड मणक्यांना रिचर्ड हार्लन याने १८३४ साली 'बॅसिलोसॉरस', म्हणजे सरड्यांचा राजा, असे नाव दिले. पण १८३९ मध्ये ते अवशेष लंडनला नेले गेले तेव्हा रिचर्ड ओवेन याने त्यांतील दात तपासून पाहिले आणि दाढांना दोन दोन मुळे असल्यामुळे हा सरडा नसून सस्तन प्राणी, तोही देवमाशांच्या गोतातला, असा निर्वाळा दिला. नावाचा नियम मात्र असा कठोर की, पहिले नाव कायम राहावे. त्यामुळे तो बिचारा अद्याप सरड्यांचा राजाच म्हणवला जातो. याच प्राण्याची अनेक धडे एकत्र जोडून आल्बर्ट कॉख नावाच्या एका उद्योगी गृहस्थाने १८४५ साली न्यूयॉर्कमध्ये समुद्रसर्पाचा सांगाडा म्हणून प्रदर्शन मांडले आणि तिकिटे लावून चांगली कमाईही केली. पुढे १९९० साली फिलिप गिंगरिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इजिप्तच्या वाळवंटातील या प्राण्याचे मागचे पाय प्रसिद्ध केले. पंधरा मीटरांहून लांब अशा त्या धडाला माणसाच्या हाताहूनही तोकडे, परंतु गुडघा, घोटा आणि बोटे यांसह पूर्ण असे पाय होते. चालण्यास निरुपयोगी, पण चालणाऱ्या पूर्वजाचा दाखला म्हणून अमोल.

हा पूर्वज कोण, याचे उत्तर १९६६ साली ली व्हॅन व्हॅलेन यांनी दिले. पाच-सहा कोटी वर्षांपूर्वी मेसोनिकिड नावाचे खूर असलेले मांसाहारी प्राणी होते; त्यांच्या दाढा त्रिकोणी, खाचांच्या, आणि प्राचीन देवमाशांच्या दाढांशी इतक्या मिळत्याजुळत्या की, जवळजवळ सर्व पुराजीवशास्त्रज्ञांनी हे नाते मान्य केले. किंबहुना याच साम्यामुळे उलट दिशेचा घोटाळाही झाला होता. १९५८ साली पाकिस्तानातील गंडा कास येथून वर्णिलेले इक्थियोलेस्टिस आणि गंडाकेसिया हे प्राणी मेसोनिकिड म्हणून दप्तरी दाखल झाले आणि ते वस्तुतः देवमासेच आहेत हे उमगण्यास दोन तपे लागली.

येथे वर्गीकरणाच्या मूलतत्त्वाविषयी दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. जुन्या काळी वतनाचा तंटा उभा राहिला म्हणजे दोन माणसे एकाच घाटाचे पागोटे बांधतात एवढ्यावरून त्यांना कोणी भाऊबंद ठरवीत नसे. वंशावळ, महजर आणि जुन्या सनदा पाहिल्या जात, आणि कित्येकदा एखाद्या क्षुल्लक वाटणाऱ्या कागदावरच सारा निवाडा होई. प्राण्यांच्या बाबतीत दात हे बरेचसे पागोट्यासारखे आहेत. मासे आणि मांस फाडून खाणाऱ्या दोन निरनिराळ्या वंशांचे दात कालांतराने एकसारखे होतात, कारण खाद्य एकच आहे. ओवेनच्या हाती याच दातांनी खरी साक्ष दिली, कारण तेथे प्रश्न सरडा की सस्तन एवढ्या मोठ्या फरकाचा होता. व्हॅन व्हॅलेनच्या वेळी प्रश्न सस्तनांतील जवळच्या-दूरच्या शाखांचा होता, आणि तेथे तोच साक्षीदार फितूर झाला. साक्षीदाराला काय विचारावे हेही न्यायाधीशाला कळावे लागते.

विरुद्ध पक्षाची पहिली चाहूल जीवाश्मांकडून लागलीच नाही. ती रक्ताकडून लागली. १९५० साली ॲलन बॉयडन आणि डग्लस जेमेरॉय यांनी निरनिराळ्या प्राण्यांच्या रक्तद्रवांची परस्परांवर होणारी प्रतिक्रिया तपासून, देवमाशांचे सर्वांत जवळचे साम्य गाय, मेंढी, हरीण, डुक्कर यांच्या समखुरी गणाशी आहे, असे दाखविले. हाडांच्या अभ्यासकांनी त्याकडे काणाडोळा केला. परंतु १९९७ साली जपानी संशोधकांनी जनुकद्रव्यातील असे तुकडे शोधून काढले, जे एकदा एखाद्या जागी घुसले की सहसा निघून जात नाहीत. ते तुकडे देवमासा, पाणघोडा आणि रवंथ करणारे प्राणी यांच्यात नेमक्या त्याच जागी होते, आणि डुकरात व उंटात नव्हते. म्हणजे देवमासा समखुरींचा दूरचा पाहुणा नसून घरातलाच माणूस निघाला, आणि पुढे त्याचा अगदी सख्खा शेजारी ठरला पाणघोडा! पुराजीवशास्त्रज्ञांना हे पचेना. समखुरी प्राणी असेल तर त्याची खूण दाखवा, अशी त्यांची मागणी होती, आणि माझ्या मते ती मागणी रास्त होती.

ही खूण म्हणजे घोट्यातील एक लहानसे हाड. ज्यांनी बोकडाच्या पायांचा रस्सा चवीने खाल्ला आहे त्यांच्या हाती ते अनेकदा आले असेल, आणि प्राचीन ग्रीक व रोमन लोक तर त्याचे फासे करून खेळत. इतर सस्तनांत या हाडाच्या वरच्या टोकाला तेवढी कप्पीसारखी खोबण असते. समखुरी प्राण्यांत मात्र ती वर आणि खाली, दोन्ही टोकांना असते, त्यामुळे घोटा पुढे-मागे सफाईने दुमडतो आणि बाजूला फारसा वळत नाही. ससा, सिंह, घोडा यांपैकी कोणातही ही दुहेरी कप्पी नाही, मेसोनिकिडांतही नाही. समखुरींत ती गायीपासून उंटापर्यंत सर्वत्र आहे. अडचण एवढीच की, ज्याला पायच नाहीत त्या देवमाशाचा घोटा आणावयाचा कोठून?

तो आला बलुचिस्तानातून आणि पंजाबातून. १९८१ साली गिंगरिच आणि डोनाल्ड रसेल यांनी पाकिस्तानातील नदीकाठच्या लाल गाळातून, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या 'पॅकिसीटस' या प्राण्याची कवटी प्रसिद्ध केली होती. तिचा कान देवमाशाच्या घडणीचा, पण शरीर अज्ञात. १९९४ साली हान्स थेविसेन आणि त्यांच्या पाकिस्तानी सहकाऱ्यांनी 'ॲम्ब्युलोसीटस' उजेडात आणला, जो चालू शके आणि पोहूही शके. आणि मग २००१ च्या सप्टेंबरात, एकाच आठवड्यात, दोन प्रतिस्पर्धी गटांचे लेख छापून आले. गिंगरिच यांच्या गटाला बलुचिस्तानात सुमारे चार कोटी सत्तर लाख वर्षांपूर्वीच्या देवमाशांचे पाय सापडले होते, थेविसेन यांच्या गटाला पॅकिसीटस आणि इक्थियोलेस्टिस यांचे. आणि दोन्हींच्या घोट्यांत ती दुहेरी कप्पी निःसंदिग्धपणे होती. गिंगरिच हे स्वतः मेसोनिकिड पक्षाचे खंदे पुरस्कर्ते; हाडे पाहताच त्यांनी आपले जुने मत सोडून दिले. विद्वानांच्या जगात हा प्रकार आपण समजतो तितका सामान्य नाही.

यापुढचा प्रसंग आपल्याच देशातला आहे. तेल आणि नैसर्गिक वायू आयोगातील भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मू भागातील कालाकोट येथे मिळालेल्या अवशेषांवरून १९७१ साली 'इंडोहायस' या लहानशा समखुरी प्राण्याचे वर्णन केले होते. त्यांनी जमविलेल्या खडकांचे कितीतरी ठोकळे न फोडताच राहिले, आणि त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने ते जपून ठेवून अखेर थेविसेन यांच्या स्वाधीन केले. प्रयोगशाळेत साफसफाई चालू असता तंत्रज्ञाच्या हातून एका कवटीच्या कानाचे हाड चुकून मोडले. आतली कड विलक्षण जाड निघाली. ही जाड कड तोवर फक्त देवमाशांत ठाऊक होती. २००७ साली थेविसेन, सुनील बाजपेयी प्रभृतींनी हे जाहीर केले. मांजराएवढ्या या प्राण्याच्या पायांची हाडे पाणघोड्यासारखी भरीव होती, म्हणजे पाण्यात बुडून राहण्यास सोयीची. आपल्या सह्याद्रीतल्या पिसोरीचा आफ्रिकेतला एक भाईबंद आजही शत्रूची चाहूल लागली की पाण्यात बुडी मारून बसतो. इंडोहायसचे वर्तन असेच असावे असा तर्क आहे. पाण्याची ओढ शिकारीच्या लोभाने लागली नसून प्रथम जिवाच्या भीतीने लागली, असे यावरून दिसते.

आणि काही वर्षे ज्या कच्छचा कारभार मुंबई राज्याबरोबर चालला, तेथील किनारी गाळातही असेच अवशेष आहेत. अशोक साहनी आणि व्ही. पी. मिश्र यांनी १९७० नंतरच्या दशकात तेथील प्राचीन देवमाशांची वर्णने केली. पुढे लांब सोंडीसारख्या जबड्यांचे, बारीक डोळ्यांचे 'रेमिंग्टनोसीटस' आणि त्याहून लहान 'कच्छिसीटस' यांची भर पडली. भारताचा भूखंड आशियाला भिडत असता मध्ये जो उथळ टेथिस समुद्र आक्रसत चालला होता, त्याच्याच काठाकाठाने देवमाशांचा हा सारा प्रारंभिक इतिहास घडला.

या सर्वांचा वर्गीकरणावर परिणाम असा झाला की, समखुरी गणातून देवमाशांना वगळणे आता न्याय्य राहिले नाही. पाणघोड्याला आत ठेवून त्याच्या सर्वांत जवळच्या सोयऱ्याला बाहेर ठेवणे म्हणजे वंशावळीतले एक पान फाडणे होय. म्हणून १९९७ पासून दोघांना मिळून 'सीटार्टिओडॅक्टिला' असे जोडनाव रूढ होऊ लागले. ते उच्चारताना जिभेची कसरत होते, पण खाते एकत्र झाले हे महत्त्वाचे. मात्र इंडोहायसपासून पॅकिसीटस, ॲम्ब्युलोसीटस, बॅसिलोसॉरस अशी बाप-लेकांची सरळ ओळ कोणी कल्पू नये. इंडोहायसची ज्ञात हाडे तर पॅकिसीटसहून उलट थोडी अलीकडचीच आहेत. हे सारे चुलतभाऊ आहेत, आणि त्यांच्यावरून आजोबांचा चेहरा आपण अनुमानाने रेखाटतो. पाणघोड्याच्या बाजूने अँथ्राकोथेरियम कुळातील प्राण्यांकडे त्याचा वंश जातो, हे २०१५ साली केनियातून वर्णिलेल्या सुमारे दोन कोटी ऐंशी लाख वर्षांपूर्वीच्या अवशेषांनी अधिक दृढ केले. पण देवमासे आणि पाणघोडे यांच्या सामाईक पूर्वजाचे म्हणून ओळखले गेलेले एकही हाड आजमितीस जगातील कोणत्याही संग्रहालयात नाही.