आष्टी इकडे, चिमूर तिकडे

गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदांच्या दर्ग्याला येणाऱ्याला कुणी जिल्हा विचारत नाही. बी.ए.ला नाव घालायचं म्हटलं की मात्र जिल्हा मोजला जातो. गिरड वर्धा जिल्ह्यात, म्हणून इथल्या मुलीच्या पदवीवर नागपूर विद्यापीठाचा शिक्का. चिमूर चंद्रपूर जिल्ह्यात, त्यामुळे तिथल्या मुलीचं विद्यापीठ गडचिरोलीचं गोंडवाना.

नागपुरात १८८५ साली मॉरिस कॉलेज निघालं, तेव्हा परीक्षा कलकत्ता विद्यापीठाची असे; पुढे अलाहाबादची. स्वतःचं विद्यापीठ मिळालं ४ ऑगस्ट १९२३ला. सर बिपिनकृष्ण बोस पहिले कुलगुरू. कॉलेजं सहा, विद्यार्थी ९२७, आणि हद्द मात्र अख्खा मध्यप्रांत-वऱ्हाड! मग वाटण्या सुरू झाल्या. १९४६ला सागर विद्यापीठ निघालं, १९८३ला अमरावती, २०११ला गोंडवाना. आता नागपूरकडे उरले नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे चार जिल्हे.

गंमत पाहा. २००५मध्ये या विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव दिलं गेलं. १९४२च्या ‘चले जाव’ चळवळीतल्या ज्या आष्टी-चिमूरच्या लढ्याशी महाराजांचं नाव जोडलं जातं, त्यातली ही दोन नावं आपण एका दमात उच्चारतो. पण आष्टी वर्धा जिल्ह्यातली, म्हणून ती महाराजांच्या नावाच्या विद्यापीठात राहिली, आणि चिमूर बाहेर गेलं.

तरी ही वाटणी मला चुकीची वाटत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याच्या पोरानं गुणपत्रिकेसाठी नागपूर का गाठावं? गडचिरोलीही त्याला जवळ नाहीच, पण निदान जिल्ह्याचं ठिकाण आहे. माझा आक्षेप वेगळा. शिकवायचं कॉलेजानं आणि परीक्षा घ्यायची विद्यापीठानं, ही देशात पहिली आधुनिक विद्यापीठं निघाली तेव्हाची, १८५७पासूनची रीत आहे. तिच्यामुळे तालुक्याच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्याला विद्यापीठ दिसतं ते हॉलतिकिटावर आणि निकालात.

तरी विद्यापीठाच्या कारभारात शिरायला एक दार आहे, पण तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. राज्यपाल कुलपती असतात, कुलगुरू कारभार पाहतात, हे ठाऊक असतं. पण २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानुसार अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, नोंदणीकृत पदवीधरांनी निवडलेले दहा सदस्य असतात. विद्यापीठाचा वार्षिक अर्थसंकल्प याच सभेपुढे येतो. पदवी मिळाली म्हणजे मतदार यादीत नाव आपोआप चढत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. गिरड-समुद्रपूरकडच्या पदवीधरांनी पुढची यादी निघेल तेव्हा तेवढा अर्ज भरावा.